उलांडीत कोण होते?

रहस्यमालिकेच्या अखेरच्या सीझनमध्ये प्रेक्षकांचे दोन वर्ग पडतात : तर्क लढवणारे आणि ते ऐकून घेणारे. दुसरा वर्ग बहुधा पहिल्याच्याच घरात राहतो. त्याला मालिकेतले एक पात्र धड ओळखता येत नाही. तरी कोण मरणार याची माहिती त्याला दोन्ही वेळच्या जेवणात वाढली जाते.

‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेने पहिल्या वर्गाची जेवढी पैदास केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणी केली असेल. २२ सप्टेंबर २००४ रोजी बेटावर विमान पडले आणि २३ मे २०१० रोजी प्रकरण मिटले. मधल्या काळात ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे जगभरच्या कर्त्यासवरत्या माणसांना पाढ्यासारखे पाठ झाले. त्यांची बेरीज १०८ येते. तळघरातले बटणही दर १०८ मिनिटांनी दाबावे लागे. बेटावर प्रयोग करणाऱ्या संस्थेचे नाव ‘धर्म’, आणि तिची माणसे एकमेकांना ‘नमस्ते’ म्हणत. एवढा पुरावा मिळाल्यावर तर्ककारांच्या मराठी उपजातीला आवरणे कठीण होते. जपमाळेचे मणी १०८, बेट म्हणजे भवसागरातला मुक्काम, काळा धूर म्हणजे तमोगुण, अशी मांडणी प्रस्तुत लेखकाने केली आणि ती चार महिने भेटेल त्याला ऐकवली. ज्यांनी मालिका पाहिली नव्हती त्यांना ती विशेष पटली.

तर्काचे आयुष्य मोठे चिवट असते. सगळे प्रवासी विमानातच मेले आणि बेट म्हणजे स्वर्ग-नरकाच्या मधला थांबा, हा तर्क पहिल्याच सीझनमध्ये निघाला. निर्माते डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी तो वारंवार खोडून काढला. शेवटी बेटावरचे सगळे खरेच घडलेले निघाले आणि अखेरच्या सीझनमधले समांतर आयुष्य तेवढे मरणोत्तर निघाले. दोन्ही पक्षांनी विजय जाहीर केला. ‘मी म्हटले नव्हते?’ हे या जमातीचे बोधवाक्य आहे. त्याला उत्तर अपेक्षित नसते. म्हटले नसले तरी ते म्हणता येते.

जानेवारी २०१० मध्ये अध्यक्ष ओबामांच्या वार्षिक भाषणाची तारीख ठरायची होती आणि २ फेब्रुवारीला अखेरचा सीझन सुरू व्हायचा होता. दोन्ही एकाच संध्याकाळी येतील या भीतीने चाहते हवालदिल झाले, तेव्हा तसे होणार नाही असे व्हाइट हाउसचे प्रवक्ते रॉबर्ट गिब्ज यांना सांगावे लागले. भाषण २७ जानेवारीला झाले. प्रस्तुत लेखकाने ही बातमी जपून ठेवली, कारण त्याच सुमारास एका साखरपुड्याची तारीख हलवण्याची त्याची सूचना घरात फेटाळली गेली होती.

स्पॉयलर या शब्दाला मराठीत घट्ट बसलेला प्रतिशब्द नाही, पण क्रियापद आहे : फोडणे. पेपर फुटतो, बातमी फुटते, तसे रहस्य फुटते. वाचनालयातल्या रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारा वाचक हा आपल्याकडचा या कलेचा आद्य साधक. ‘लॉस्ट’चे निर्माते अशांना पुरते ओळखून होते. सीझनच्या शेवटच्या गुप्त दृश्यांना ते टोपणनावे देत. पहिल्याचे ‘बेगल’, तिसऱ्याचे ‘पत्रपेटीतला रॅटलस्नेक’. तिसऱ्याचा पेपर तरीही फुटला. चौथ्यात शवपेटीत कोण, हे लपवण्यासाठी तीन वेगवेगळी माणसे पेटीत घालून चित्रीकरण झाले. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला. शेवट आधी सांगितल्यास वाचकांना कथा सरासरीने अधिकच आवडते, असे त्यांना आढळले. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष मान्य नाही. त्याने तो शोधनिबंध पूर्ण वाचलेला नाही. शेवट आधीच कळला होता.

इथे होडीचा प्रश्न येतो. मूळ विषयात त्याला एका वाक्याहून अधिक जागा मिळू नये, परंतु लेखकाचे आजोळ मालवणचे आहे.

पाचव्या सीझनच्या चौथ्या भागात सॉयर, ज्युलिएट, लॉक आदी मंडळी काळात मागेपुढे फेकली जात असताना एका होडीतून निघतात. मागून दुसरी होडी येते आणि तिच्यातले लोक गोळ्या झाडतात. ज्युलिएट उलट गोळी झाडते, बहुधा कोणाला तरी लागते, तेवढ्यात काळ पुन्हा उडी मारतो. दुसऱ्या होडीत कोण होते? मालिकेने सांगितले नाही. अमेरिकी चाहते या प्रश्नाला ‘आउटरिगर’चे कोडे म्हणतात. आउटरिगर म्हणजे आपली उलांडी : होडी कलंडू नये म्हणून दोन आडव्या दांड्यांना बांधून तिच्या कडेला पाण्यावर सोडलेले लाकूड. हा शब्द आपल्याला ठाऊक आहे आणि लॉस एंजेलिसमधल्या पटकथाकारांना नाही, एवढ्या भांडवलावर लेखकाने कोडे सोडवायला घेतले. त्याचा सिद्धांत असा : अरुंद होडीत जाणता माणूस उगाच उभा राहत नाही, बसूनच भार सांभाळतो. पाठलाग करणारे ज्या आततायीपणे पुढे झुकून गोळ्या झाडत होते त्यावरून ते बेटावर मुरलेले नव्हेत, नुकत्याच आलेल्या विमानातले नवखे असणार. सहाव्या सीझनमध्ये दर आठवड्याला कोण कोणत्या होडीत बसले याची नोंद दोनशे पानी वहीत झाली. डावीकडचे, उजवीकडचे, बंदूक कोणाकडे, वल्हे कोणाकडे, अशा रकान्यांनी वही भरली. उलांडीच्या होडीचा लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव एवढाच, की वयाच्या आठव्या वर्षी तो तीत बसला, घाबरून उभा राहिला आणि मामाची थप्पड खाऊन खाली बसला. सिद्धांताचा सगळा आधार ती थप्पड होय. वहीत तिची नोंद नाही.

हा सिद्धांत मन लावून ऐकणारा पृथ्वीवर एकच माणूस होता : न्यू जर्सीतले भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. ते हिशेबतपासनीस, सहसा मोजके बोलणारे. लग्नानंतरची कित्येक वर्षे त्यांचे आणि लेखकाचे संभाषण ‘कसं काय’ आणि ‘ठीक’ यांच्यापुढे गेले नव्हते. ‘लॉस्ट’मुळे दर आठवड्याला फोन येऊ लागला. भाग ते आधी पाहत, पण लेखकाने पाहिल्याची खात्री केल्याशिवाय अवाक्षर काढत नसत. एवढा सज्जन तर्ककार दुर्मीळ.

अखेरचा भाग न्यू जर्सीत रविवारी रात्री नऊला लागला, तेव्हा भारतात सोमवारी सकाळचे साडेसहा वाजले होते. अडीच तासांचा कार्यक्रम. लेखकाने मोबाइल बंद केला, वर्तमानपत्र न उघडता घडीसकट बाजूला ठेवले आणि घरच्यांना मौन सांगितले. नऊ वाजून दहा मिनिटांनी घरचा साधा फोन वाजला. ताई होती. “अरे, हे रडले रे शेवटी. अजून तसेच बसलेत. काय होतं एवढं त्यात?”

एवढ्यावरून लेखकाने अर्ध्या मिनिटात सगळा शेवट ताडला, ताईवर ओरडला आणि फोन आपटला. संध्याकाळी पाहिल्यावर ताडलेले बव्हंशी चुकीचे निघाले. श्रेयनामावलीखाली वाहिनीने विमानाच्या अवशेषांची निर्मनुष्य चित्रे टाकली होती. त्यांवरून सगळे पहिल्याच दिवशी मेले होते असे अनेकांनी गृहीत धरले, आणि ती चित्रे कथेचा भाग नाहीत असा खुलासा वाहिनीला करावा लागला. असल्या बाबतीत लेखक एकटा नव्हता. मात्र भावोजींना रडू का आले, हे विचारायचे त्याला सुचले नाही. पुढच्या आठवड्यात फोन आला नाही. बोलायला निमित्तच उरले नव्हते. मग राखीपौर्णिमा आणि दिवाळी असे वर्षाला दोन फोन सुरू झाले. ते ताईच करी, भावोजी मागून ‘ठीक’ म्हणत.

गेल्या दिवाळीत त्यांनी फोन आपणहून हातात घेतला आणि विचारले, “ती वही आहे का रे अजून? माझ्या मते मागच्या होडीत चारच जण होते.” वही होती. ताईने तेवढ्यात चकल्यांचे तीन घाणे काढले.