डायनामा ओके हाय

लातूरला नीट करून घेतलेली गाडी नांदेडला पोचायच्या आत जिथं मान टाकते, ते गाव अहमदपूर. बालाघाटाच्या डोंगरात, दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध. रस्त्याचा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला, तरी आमच्या मिस्त्रीचं गिऱ्हाईक काही घटलं नाही. उलट आता लोक जोरात येऊन बंद पडतात.

मिस्त्री म्हणजे इंजिनवाला नव्हे. इंजिनवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे. याच्या बोटांवर फक्त सोल्डरचे चटके. हा ऑटो इलेक्ट्रिकवाला. असा एक मिस्त्री उदगीरला असतो, एक लोह्याला असतो, शिरूर ताजबंदच्या फाट्यावर तर असतोच असतो. पत्र्याचा गाळा, भिंतीला लसणाच्या माळांसारख्या टांगलेल्या जळक्या कॉइली, इंडिकेटरच्या बल्बाला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प आणि 'बारक्या' नावाचा एक पोरगा. पोरगं बदलतं, नाव तेच राहतं.

तो अल्टरनेटरला डायनामा म्हणतो. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० साली व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला, पुढं सिलिकॉनचे डायोड स्वस्त झाले आणि जगभरातल्या मोटारींतून डायनामा हद्दपार झाला. आमच्याकडं वस्तू बदलली, नाव राहिलं. नावाबरोबर डायनामाच्या काळातली एक रीतही राहिली. तिच्याकडं येतोच.

माझ्या वीस वर्षांच्या गाडीचा अल्टरनेटर गेला, तेव्हा नव्याची किंमत ऐकून मी त्याच्या स्टुलावर बसलो.

"नवा कशाला सर? बांधून देतो. कंपनीपेक्षा भारी."

बांधणं म्हणजे बेअरिंग नवे, कार्बन नवे, वाइंडिंगला व्हार्निश आणि डायोडची प्लेट दुसऱ्या कुठल्यातरी मयत डायनामातली.

"प्लेट कुणाची बसवली?"

"चांगल्या घरची हाय."

बसवून झाल्यावर त्यानं गाडी चालू केली, गर्दी जमेपर्यंत थांबला, दहा नंबरचा पाना घेतला आणि चालू गाडीवर बॅटरीचं टर्मिनल खाडकन उपटलं. इंजिन चालूच. "बघा! बॅटरीबिगर पळायली. डायनामा ओके हाय." हीच ती रीत. जुन्या डायनामाच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटरवर बॅटरीचा आधार एकदम काढला की क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि त्या उसळीत डायोड जाऊ शकतो. पण ही नुसती रीत नसून दुकानाचा नारळ आहे. तो फोडल्याशिवाय गिऱ्हाइकाला समाधान वाटत नाही. मलाही वाटलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी गाडीनं नुसतं 'टक' केलं.

इथून पुढं या जातीच्या माणसाचा खरा स्वभाव दिसतो. दुसऱ्यानं बांधलेल्या डायनामाचा दोष हा रस्त्यावरून आवाज ऐकून सांगतो. स्वतः बांधलेला मात्र खराब होऊच शकत नाही. त्यामुळं तपास डायनामा सोडून गाडीभर फिरतो.

आधी बॅटरी पकडली. तिच्यात पाणी घातलं, शिव्याही घातल्या. मग अर्थिंगची वायर बदलली. मग बेल्ट ताणला, इतका की तो किंचाळू लागला. मग टेपवर संशय गेला. "रात्री गुपचूप करंट खातंय हे." टेप काढून डिकीत ठेवला. शेवटी उरलो मी. "सर, तुमचं घर ते कॉलेज दोन किलोमीटर. डायनामा जागा व्हायच्या आत तुम्ही चावी काढताव. बॅटरी चार्ज होईल कवा?" यात थोडं तथ्य होतं, म्हणून जास्त लागलं.

मी मीटर लावायचा आग्रह धरला. चालू गाडीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे, एवढं मलाही ठाऊक. आकडा आला १३.१. हेडलाइट लावले, १२.४.

मिस्त्रीनं मीटर उलटसुलट केलं, फुंकर मारली. "उन्हात कमी दाखवायलंय."

सावलीत नेलं. १२.४.

"मीटरला सवय न्हाई ह्या गाडीची."

बाजूला चहा पीत उभा असलेला एक रिटायर्ड यष्टी ड्रायव्हर म्हणाला, "डायनामाच गेलाय की ओ." मिस्त्रीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जणू त्यानं पंगतीत बसून स्वैपाकाला अळणी म्हटलं.

मधेच आली माळेगावची यात्रा. खंडोबाला जाऊन, घोडे-गाढवांचा बाजार बघून परत निघालो तर अंधार पडला, आणि हेडलाइट निरांजनासारखे. पुढं उसाची ट्रॉली होती. तिच्यावर रंगीत दिव्यांच्या माळा आणि गाणी चालू. तिच्या उजेडात, तिच्याच गतीनं अहमदपूर गाठलं. वाटेत बायको डॅशबोर्डकडं बघत होती. घरी येऊन मी चावी काढून खिशात घातली, तरी ती उतरेना.

"अहो, हा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटलेलाच आहे."

सकाळी मिस्त्रीला घरी बोलावून हे सांगितलं. तो हसला. "वैनी, दारातल्या बल्बाचा उजेड पडला आसंल." वैनींनी वाद घातला नाही. बॉनेट उघडून अल्टरनेटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा बरं. रात्रभर गाडी बंद आहे, थंडी ही अशी. मग हा कोमट कसा?"

मिस्त्रीनं हात लावला. मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला बेअरिंगजवळ धरला. स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला जाऊन खट्‌कन चिकटला. चावी माझ्या खिशात, आणि आत रोटरचं चुंबक जागं! बारक्या फिदीफिदी हसला, त्याला टपली बसली.

डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. अल्टरनेटरमधून करंट बाहेर यावा, बॅटरीतून परत आत शिरू नये, यासाठी. या प्लेटवरचं एक दार चौकटीसकट पडलं होतं. बॅटरीतला करंट रात्रभर आत शिरून, वाइंडिंगमधून फिरून रोटरला पोचत होता. त्यातलाच चोरटा उजेड त्या लाल दिव्यात. तीनेक अँपिअर धरले, तरी दहा तासांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी झोपायलाच पाहिजे. दिवसा त्याच तुटक्या दारामुळं चार्जिंग अर्धवट. सगळ्या खुणा एकाच प्लेटीकडं बोट दाखवत होत्या. हे दार आधीचंच खिळखिळं होतं की पहिल्या दिवशीच्या त्या नारळात फुटलं, याबद्दल माझं एक मत आहे. ते मी मिस्त्रीसमोर काढलं नाही. गाव लहान आहे.

"जरा कार्बन बघतो," एवढंच पुटपुटून त्यानं डायनामा उतरवला आणि फडक्यात गुंडाळून नेला. बाळंतपणाला नेल्यासारखा. रात्री जेवून चक्कर मारायला गेलो, तर त्याचं शटर अर्धं खाली. आत तो एकटाच, दोन्ही पायांत डायनामा धरून बसलेला. मीटरच्या तारा डायोडला सुलट लावल्या, पीं. उलट लावल्या, पुन्हा पीं. चांगल्या डायोडनं एकदा तरी गप्प बसायचं असतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मी अंधारात सरकलो. कुणाच्या देवघरात नको त्या वेळी डोकावल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी नवी कोरी प्लेट घालून त्यानं गाडी चालू केली. १४.२. हेडलाइट, पंखा लावून १३.९. मीटरला सवय झाली होती.

"तुमचं वायरिंग लई जुनं होतं सर, ते मोकळं केलं. डायनामा तर ओकेच होता." बिलावर त्यानं लिहिलं, 'किरकोळ वायरिंग'. प्लेटीचे पैसे त्यात कुठंच नव्हते.

एव्हाना शेजारचे चार लोक जमले होते. मिस्त्रीनं गर्दीवर नजर फिरवली, छाती भरून घेतली आणि दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीकडं वळला. "आता बघा हं..."

बायकोनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि तिथं चहाचा कप ठेवला.