फोकसकाका

भिगवणला पहाटेच्या बोटीत सातजण असले, तर सहाजण रोहित पक्षी बघायला आलेले असतात. सातवे फोकसकाका. पक्ष्यांकडे तेही बघतात, पण ते कॅमेरा तपासायला काहीतरी समोर लागतं म्हणून.

बँकेतून निवृत्त, डोक्यावर मातकट टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. खिशांत ब्लोअर, मऊ फडकं, पोलादी पट्टी आणि शाळकरी खोडरबर. खोडरबर लेन्सच्या सोनेरी कॉन्टॅक्टवर फिरवायला. तसं करू नये असं जाणकार सांगतात; काका त्यांना जाणकार मानत नाहीत.

कुणी नुसतं पुटपुटायचा अवकाश, "फोटो जरा सॉफ्ट येतोय," की काका बोट डगमगवत हजर! शटरस्पीड किती होता, हे ते विचारत नाहीत. हलत्या बोटीतून ६०० मिलिमीटरच्या लेन्सनं १/१२५ वर काढलेला फोटो हलणारच. पण 'हात हलला' हे निदान काकांना फार गरीब वाटतं. त्यांना बॅक फोकस हवा असतो.

मग तळहाताचा आरसा करून शिकवणी सुरू. डीएसएलआरच्या पोटात थोडा प्रकाश आरशातून आरपार जाऊन खाली वळतो आणि तळाशी बसलेला वेगळा सेन्सर फोकस ठरवतो. फोटो उमटतो दुसऱ्याच सेन्सरवर. दोघांच्या अंतरात केसभर फरक पडला, की कॅमेरा बीप करून शब्द देतो आणि फोटोत पक्ष्याऐवजी मागचं गवत खणखणीत येतं. हाच तो बॅक फोकस. हे सगळं खरं आहे. काका चुकीचं कधीच बोलत नाहीत, फक्त गरज नसताना बोलतात.

घरी जेवणाच्या टेबलावर फोकस तपासायला ४५ अंशांत कललेली पट्टी कायमची मांडलेली. कॅमेऱ्याच्या मेनूतली फोकसची दुरुस्ती उणे २० ते अधिक २० पर्यंत जाते, आणि काका त्या पायऱ्या रोज चढतात-उतरतात. पट्टीवरच्या १५ या आकड्याचे त्यांच्याकडे शेकडो फोटो आहेत, एकापेक्षा एक धारदार. काकूंचा एकच आहे. त्यात फोकस मागच्या फ्रिजवर गेलाय, म्हणून तो पुरावा म्हणून जपलाय.

इतिहासही त्यांना पाठ. १९८५ साली मिनोल्टानं ७००० हा कॅमेरा आणला आणि ऑटोफोकसचं खरं युग सुरू झालं. पुढे हनीवेलनं पेटंटवरून खटला भरला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला बारा कोटींहून जास्त डॉलर मोजावे लागले. म्हणजे ऑटोफोकसवरून भांडणारे काका काही पहिले नव्हेत. ऑटोफोकसच्या आधी लोक हातानं रिंग फिरवायचे आणि फोटो बिघडला तर मुकाट्यानं स्वतःला बोल लावायचे. यंत्रामुळे खापर यंत्रावर फोडायची सोय झाली, हे मात्र कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

हल्ली काका जरा खचलेत. मिररलेस कॅमेरे आले. फोटोचा सेन्सरच फोकस ठरवतो, त्यामुळे बॅक फोकसचा आजार जवळपास संपला. पोरंटोरं पक्ष्याच्या डोळ्यावर आपोआप बसणारा चौकोन दाखवतात, आणि काका सांत्वनाला गेल्यासारखे मान हलवतात. अकराच्या उन्हात पाण्यावरची हवा थरथरून सगळ्यांचेच फोटो धुरकट यायला लागले, की तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग येतो.

परवा एका कॉलेजच्या मुलाचा ऑटोफोकस ठप्प झाला. काकांनी बॅटरी काढली, घातली. खोडरबर फिरवलं. मेनू मुळापासून रीसेट केला. मुलाची सगळी सेटिंग गेली. फिल्टर काढला. शेवटी "मदरबोर्ड" असा गंभीर उच्चार केला. मुलगा रडवेला झाला.

नावाडी वल्ह्यावर हात टेकून म्हणाला, "काका, लेन्सवरचं ते बारकं बटान बगा की. एमवर हाय."

काकांनी बटण मॅन्युअलवरून ऑटोफोकसवर सरकवलं. लेन्स घुर्रकन फिरली.

"ते शेवटीच बघायचं असतं," काका म्हणाले. "आधी बघितलं तर बाकीचं तपासायचं राहूनच जातं."