कितीला पडली?

पडेगावात रोड बाइक घेऊन बाहेर पडलं की नमस्कार-चमत्काराच्या आधी प्रश्न येतो, "कितीला पडली?" मी एका चाकाची किंमत सांगतो. घरीही तेवढीच माहीत आहे.

मग तपासणी. स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. शाळेतल्या सायकलला हे सगळं होतं, वर डायनामो आणि मागे डबलसीट बसलेला मित्र. "म्हणजे जे जे काढलं, त्याचे पैसे लावलेत," शेजारच्या काकांनी हिशेब मांडला. याहून महागड्या सायकली पायडलसुद्धा न लावता विकतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं बीपी आधीच वर असतं.

श्रावणातल्या शनिवारी पहाटे खुलताबादला निघालो. वीसेक किलोमीटर. आधी पंक्चरवाल्याकडे हवा. टायर अठ्ठावीस मिलिमीटरचा, हवा मात्र नव्वद पौंडाच्या आसपास, आणि व्हॉल्व्ह पेन्सिलीसारखा बारीक. त्याच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना. मी टोकाचा चिमुकला नट सैल करून दाबून दाखवला. फुस्स! "निघती बराबर," तो म्हणाला, "जाती कुठून?" मग मी खिशातून पितळी अॅडॅप्टर काढला. तो त्याने उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ह्याचे किती घेतले?"

मिटमिटा, शरणापूर फाटा मागे पडेपर्यंत मी मोठ्या ऐटीत होतो. पण रस्त्यावर आमच्या आधी रात्रभर दुसरीच वाहतूक चालू होती : खुलताबादच्या भद्रा मारुतीला निघालेली माणसं, पायी, बरीचशी अनवाणी. वाटेतल्या दौलताबादला पायी येणं तसं जुनंच. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी इकडे हलवली, तेव्हा दिल्लीकरांना हुकमाने यावं लागलं. ही मंडळी हौसेने आली होती आणि किल्ल्याशी थांबायलाही तयार नव्हती.

किल्ल्यापुढे घाट. पुढे चौतीस दात, मागे चौतीस दात. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, प्रगती दोन मीटर. कंपनीने कार्बन, अॅल्युमिनियम वगैरे खर्चून जी गती दिली, तीच एका आजीबाईंकडे फुकट होती. आम्ही बरोबरीने चढत होतो. फरक इतकाच, की त्या बोलू शकत होत्या.

"उतरून चाल की दादा."

"हे बूट... चालायचे... नाहीत, मावशी." तळव्याला पायडलमध्ये अडकणारी खुंटी असते, त्या बुटांनी डांबरावर चालणं म्हणजे घसरणं.

त्यांनी बुटांकडे पाहिलं, स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "मंग घातले कशाला?" आणि पुढे गेल्या.

घाट चढून मंदिरात पोचलो, तर खुद्द मारुतीराया आडवे. निद्रिस्त मारुतीची मूर्ती फार थोड्या ठिकाणी आहे. त्या दिवशी तिची पोज मला फारच पटली. बाहेर काही पोरं चालत आलेल्यांना चहा वाटत होती.

"पायी का गाडीवर?"

"सायकलवर."

पोरगं गोंधळलं. त्याने मोठ्याला विचारलं. मोठ्याने माझा घामेजलेला अवतार, सायकल आणि शेजारी चहा पिणाऱ्या त्याच आजीबाई, असं सगळं नीट पाहून निकाल दिला, "अर्धा कप दे."