समुद्राची वर्दी, सरकारची पोच

२००४ सालच्या २६ डिसेंबरला, रविवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळ सुमारे तेराशे किलोमीटर लांबीपर्यंत फाटत गेला, आणि त्या ९.१ तीव्रतेच्या भूकंपाने उसळलेल्या लाटा चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर येऊन थडकेपर्यंत दोन तासांहून अधिक अवधी गेला. निसर्गाने शासनसंस्थेला दिलेली ती रीतसर मुदत होती. आणि ज्यांचे आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविण्यात गेले आहे, त्यांना त्या मुदतीचे पुढे काय झाले हे निराळे सांगावयास नको.

हवाई बेटांवरील इशारा केंद्राने पंधरा मिनिटांच्या आत पत्रक काढले व प्रशांत महासागराला कोणताही धोका नाही अशी ग्वाही दिली. ती तंतोतंत खरी ठरली, हे त्या केंद्राच्या वतीने नमूद करणे न्यायाचे होईल. हिंदी महासागराकरिता असे केंद्रच नव्हते, कारण या समुद्राची वर्तणूक सरकारदरबारी आजवर निष्कलंक समजली जात होती. इकडे कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर पाणी शिरल्याची वर्दी सकाळीच आली होती; आणि हवामान खात्याने, वृत्तपत्रांनी पुढे छापले त्याप्रमाणे, भूकंपाची इत्तला फॅक्सने शास्त्रमंत्र्यांच्या निवासस्थानी रवाना केली. मात्र ज्यांच्या नावे ती गेली ते मंत्रिमहोदय मे महिन्यातल्या सत्तांतरात पायउतार झालेले होते! सुमात्राजवळच्या समुद्राच्या पोटात झालेली उलथापालथ ज्या खात्याने इतक्या दुरून टिपली, त्याच खात्याला खुद्द दिल्लीत सात महिन्यांपूर्वी झालेल्या उलथापालथीची खबर नव्हती. संकटाचा विचार करावयाची उच्चाधिकाऱ्यांची बैठक भरली ती दुपारी. तोवर लाटा येऊन, नागपट्टिणमच्या कोळीवाड्यांतील घरेदारे आणि हजारो माणसे घेऊन, परतही गेल्या होत्या.

यावरून आमच्या प्रशासनाला त्वरा ठाऊकच नाही असा ग्रह कोणी करून घेऊ नये. अवघ्या चार दिवसांनी, ३० डिसेंबरला, केंद्रीय गृहखात्याने नव्या लाटेचा इशारा असा काही तातडीने प्रसृत केला की तमिळनाडूपासून केरळपर्यंतचा किनारा जिवाच्या आकांताने आतल्या बाजूस पळाला, प्रेते उचलण्याचे काम जागच्या जागी थांबले, आणि ज्यांनी नुकतीच आपली मुले पुरली होती ती माणसे पुन्हा रस्त्याला लागली. इशाऱ्याचा आधार काय, तर अमेरिकेतील एका खासगी कंपनीचे भाकीत! भूकंपाचा दिवस आधी सांगण्याची विद्या जगात अद्याप कोणासही अवगत नाही. त्याच दिवशी नव्या शास्त्रमंत्र्यांनी, म्हणजे या खेपेस ज्यांच्याकडे खाते खरोखरच होते त्यांनी, तो सारा प्रकार बिनबुडाचा ठरविला. लाट आली तेव्हा सरकार स्वस्थ होते आणि लाट नव्हती तेव्हा सरकार धावले. सरासरी काढली तर कामगिरी समाधानकारक भरते.

कारणमीमांसेत मात्र समाजाने सरकारला कोठल्या कोठे मागे टाकले. भारतीय भूपट्ट ब्रह्मी भूपट्टाखाली सरकतो, शतकानुशतके साचलेला ताण एकाएकी मोकळा होतो, तळ उचलला जातो व त्यासरशी वरचे पाणी, हे सांगणाऱ्या भूशास्त्रज्ञाकडे कोणाचे लक्ष नव्हते. कारण त्याच्या हकिगतीत पापी कोणी नव्हता. कैरोच्या एका साप्ताहिकाला हा भारताच्या अणुचाचणीचा परिणाम वाटला. आपल्याकडील भाविकांना, नोव्हेंबरात झालेली कांचीच्या शंकराचार्यांची अटक त्यास कारण झाली असे दिसून आले. (आचार्य पुढे न्यायालयातून निर्दोष सुटले, तो भाग वेगळा.) अटक केली पोलिसांनी, रोष सरकारवर, आणि शिक्षा मात्र होडीतून मासळी आणणाऱ्या कोळ्याला व किनाऱ्यावर खेळणाऱ्या त्याच्या पोराला, असा न्याय एखाद्या मामलेदाराने दिला असता तर त्याची चौकशी लागली असती; परमेश्वराच्या नावावर तो बेलाशक खपला. ज्योतिषीही मागे नव्हते. ग्रहांची ती कुयोगी मांडणी त्यांनी सप्रमाण दाखवून दिली, ती अर्थात सत्तावीस तारखेपासून पुढे.

आता दातृत्वाकडे वळू. संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्यप्रमुख यान एगेलँड यांनी श्रीमंत राष्ट्रांच्या कंजूषपणाकडे बोट दाखविताच अमेरिकेची दीड कोटी डॉलरची मदत आठवडा उलटण्यापूर्वी पस्तीस कोटींवर गेली. लिलावात बोली चढावी तशी करुणा चढत गेली. आमच्या मध्यमवर्गाची करुणा याहून घरगुती होती. तिने कपाटे उघडली. नागपट्टिणमच्या रस्त्यांच्या कडेला जुनेरांचे ढीग पडले : फाटके सदरे, विटलेली लुगडी, गुंड्या तुटलेल्या विजारी. ज्याची होडी फुटली, इंजिन बुडाले, जाळे वाहून गेले, तो कोळी त्या ढिगाकडे पाहून पुढे चालू लागला, तेव्हा तो मिजासखोर असल्याचा शेरा मारणारेही निघाले. वास्तविक लाटेच्या आदल्या दिवसापर्यंत तो स्वतःच्या कमाईचे कपडे घालीत होता. आपली कपाटे रिकामी झाली हा या दानाचा निर्विवाद लाभ.

सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर ना फॅक्स होता ना समिती. १९०७ सालच्या लाटेची कथा तेथील म्हाताऱ्या नातवंडांना सांगत आल्या होत्या, सबब जमीन हलताच माणसे डोंगरावर चढली. सुमारे पाऊण लाखाच्या वस्तीत दगावली अवघी सात. अशा म्हाताऱ्यांना कोणत्या वेतनश्रेणीत बसवावे, हा प्रश्न अर्थखात्याने विचारात घेण्यासारखा आहे.

राहता राहिलो आपण पश्चिम किनाऱ्याचे लोक. अरबी समुद्राच्या सौजन्यावर मुंबईकराचा गाढ विश्वास आहे. परंतु २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रतळी भूकंप झाला, त्याची सुमारे दोन मीटरची लाट त्याच सकाळी मुंबईस पोहोचली आणि पंधरा माणसे वाहून गेली, अशी नोंद आहे. २००७ सालापासून हैदराबादेत इशारा केंद्र आहे, ते उत्तम चालते. पण पावसाळ्यात मोठ्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात वाचून मुलाबाळांसह मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जागा धरणाऱ्या नगराला इशारा आणि निमंत्रण यांतील भेद कसा कळावा, हे त्या केंद्राच्या अखत्यारीबाहेरचे आहे. तेव्हा वाचकहो, उद्या भोंगा वाजला किंवा पाणी भलत्याच वेळी मागे हटलेले दिसले, तर तळ पाहावयास खाली उतरू नये, मलबार हिलच्या दिशेने चालू लागावे. छायाचित्रे कोणी तरी काढीलच.