लेंटमधले रविवार मोजत नाहीत

पहाडगंजातला मराठी ख्रिस्ती मुलगा दहावी-अकरावीत पोचला की स्वतःला सुधारायला घेतो. घराणं मूळचं नगरचं नाहीतर जालन्याचं. आई नर्स, वडील रेल्वेत किंवा कुठल्याशा मंत्रालयात. घरी रात्री ‘उपासना संगीता’तली गीतं होतात, पण रविवारची उपासना हिंदीत किंवा इंग्रजीत. त्यामुळे भांडण हिंदीत, अभ्यास इंग्रजीत आणि पश्चात्ताप तेवढा मराठीत, अशी त्याच्या मनाची वाटणी झालेली असते. सुधारणेचं साधन म्हणजे केमिस्ट्रीच्या वहीची शेवटची चार पानं. तिथे पट्टीने आखलेले रकाने: उठणं, शास्त्रवाचन, मोबाइल, गोड, खोटं बोलणं. बरोबरची खूण पेनने आणि फुली पेन्सिलने, कारण फुली पुढेमागे खोडावी लागते. ‘उठणं’ या रकान्यात पहिल्या आठवड्यात ५.०० असतं, दुसऱ्यात ६.१५, आणि तिसऱ्यात आकडा जाऊन नुसतं ‘उठलो’ उरतं. आपल्याला मनोनिग्रह म्हणून नाहीच, अशी त्याची पक्की खात्री आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितलेत आणि संयमाचा नंबर त्यात नववा, हाच काय तो त्याला दिलासा. शेवटचा धडा कुठल्या शाळेत वेळेवर पुरा झालाय? माझं म्हणणं असं की हा मुलगा स्वतःला समजतो त्यापेक्षा बराच शिस्तीत आहे, फक्त त्या शिस्तीचा पुरावा तो चुकीच्या वहीत शोधतो.

तो राहतो कुठे ते आधी बघा. मेन बाजारात रात्र कधी होते ते कुणी सांगू शकत नाही, कारण दुपारी तीनला नाश्ता मागणारे परदेशी पाहुणे आणि पहाटे तीनला हॉटेल शोधणारे देशी पाहुणे एकाच गल्लीत असतात. स्टेशनाची पहाडगंजकडची बाजू दिवसरात्र माणसं ओतत असते. चुना मंडीत सीताराम दिवानचंदचे छोले-भटुरे सकाळपासून वास सोडतात. सोळा वर्षांच्या पोराला बिघडायला इथे घरून निघावंही लागत नाही, खिडकी उघडली तरी पुरे. तरीही हा पोरगा संध्याकाळी आठच्या आत घरात असतो. का? तर बसंत लेनच्या रेल्वे रुग्णालयामुळे औषधवाला आईला ओळखतो. आरामबागेतल्या नूतन मराठी शाळेतल्या बाई ‘काय रे, इकडे कुठे?’ असं भर रस्त्यात विचारतात. बृहन्महाराष्ट्र भवनात उतरलेला कुणी नगरकर निघाला तर तो हमखास काकांच्या वर्गातला असतो. एवढ्या दिल्लीत मराठी माणूस सापडत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी पहाडगंजात एकदा सिगारेट पेटवून पाहावी. गणपतीत तर हा मुलगा मांडवातही दिसतो. आरतीला टाळ्या वाजवाव्यात की हात मागे बांधावेत, यावर त्याचं मत दरवर्षी बदलतं, पण खुर्च्या मांडायला कुणी धर्म विचारत नाही. आणि खुर्च्या मांडणाऱ्या मुलाकडे आणखी चाळीस जणांचं लक्ष राहतं.

त्याची खरी परीक्षा लेंटमध्ये होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६, आणि उपवासकाळ म्हणतात चाळीस दिवसांचा. कारण मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे, ते उपवासात धरत नाहीत. ही माहिती पाळकसाहेबांनी दिलेली असते ती ज्ञान वाढावं म्हणून, मुलगा ती घेतो ती भटुऱ्यांसाठी. सोमवार ते शनिवार चुना मंडीवरून मान खाली घालून जायचं आणि रविवारी उपासना संपली रे संपली की संसद मार्गावरच्या फ्री चर्चपासून थेट रांगेत. होळीही बहुधा याच काळात येते आणि शेजारच्या आंटींची गुजिया नाकारणं हा उपवास की उद्धटपणा, हा पेच पडतो. तो पेच आई सोडवते: डबा घेऊन ठेवायचा, उघडायचा रविवारी. बरं, सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षाही नेमक्या याच दिवसांत. मग त्याने मोबाइल कपाटात ठेवला तो प्रभूसाठी की फिजिक्ससाठी? आई म्हणते प्रभूसाठी, वडील म्हणतात फिजिक्ससाठी. त्याला स्वतःला विचाराल तर त्याला दोन्ही बाजूंची भीती वाटत असते.

यावर कुणी म्हणेल, हा कसला आत्मसंयम? ही तर पाळत. चार डोळे हलले की पोरगा मोकाट सुटणार, आणि सेहेचाळिसातून सहा दिवस वळते करून घेणारा तर सरळ वकील होणार. आक्षेप वजनदार आहे, पण त्यामागचं गृहीतक मला पटत नाही. खरा संयम एकट्याने, आतून, कुणाच्या मदतीशिवाय यायला हवा, असं ख्रिस्ती परंपरेनेच फारसं कधी मानलेलं नाही. ऑक्सफर्डमध्ये १७२९ च्या सुमारास जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्याभोवती जमलेली पोरं वेळापत्रक लावून प्रार्थना, वाचन, उपवास करायची आणि एकमेकांना हिशेब द्यायची. बाकीच्या विद्यार्थ्यांनी चिडवायला त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हटलं आणि पुढे एका अख्ख्या पंथाला तेच नाव पडलं. त्याहून मजेदार गोष्ट १७४२ ची. ब्रिस्टलला प्रार्थनाघराचं कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी वर्गणी ठरली. साधारण बारा-बारा माणसांमागे एक वसुलीदार नेमला. हे वसुलीदार दारोदार गेले आणि वर्गणीबरोबर कोण पिऊन पडलाय, कोण बायकोशी भांडतोय तेही कळून आलं. वेस्लीने ती वसुलीचीच व्यवस्था आध्यात्मिक शिस्तीसाठी पक्की केली. म्हणजे पहाडगंजातल्या काकू-मावश्या जे विनावेतन करतात, त्याला तिकडे सुधारणेची चळवळ म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. नारायण वामन टिळकांएवढा भक्त कवी, पण हाती आलेला पैसा घरापर्यंत पोचेल याची शाश्वती नाही. त्या संसाराला काही शिस्त होती ती लक्ष्मीबाईंची. त्यावरून टिळकांची भक्ती उसनी होती असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

रविवारच्या पळवाटेबद्दलही तेच. ज्याला नियम मोडायचाच आहे तो कॅलेंडर कशाला मोजत बसेल? सहा रविवारांचा हक्क बजावणारा मुलगा उरलेल्या चाळीस दिवसांचं देणं कबूल करून बसलेला असतो, आणि ते बहुतेक फेडतोही. (बुधवारचे समोसे हा वेगळा विषय. ते मित्राच्या वाढदिवसाचे होते, आणि वहीत त्यांची फुली आहे. पेन्सिलने.) तो ढोंगी असता तर वहीत फुल्या नसत्याच. रोमकरांच्या पत्राच्या सातव्या अध्यायात खुद्द पौलाने ‘जे करावंसं वाटतं ते करत नाही, जे नको तेच करतो’ अशी आपल्या वागण्याची जी तक्रार केली आहे, ती वाचून हा मुलगा पहिल्यांदा हसतो आणि मग आणखी एक रकाना आखतो.

शेवटचा आक्षेप पालकांचा, आणि तो रात्री दिवे घालवल्यावर हळूच बोलला जातो: उद्या बारावी होऊन हा पुण्याला नाहीतर बंगळुरूला हॉस्टेलवर गेला की काय? तिथे ना औषधवाला, ना शाळेतल्या बाई. ही काळजी ज्यांना वाटते त्यांना नर्सांचं जाळं किती लांबवर पसरलंय याची कल्पना नाही. आईची मिरजेच्या ट्रेनिंगमधली बॅच देशातल्या निम्म्या रुग्णालयांत विखुरलेली आहे. पोरगा नव्या गावी पोचायच्या आत तिथल्या एखाद्या मावशीला फोन गेलेला असतो. पहिल्या रविवारी उपासनेनंतर ती त्याला गाठते, हातात चपात्यांचा डबा देते, गायनमंडळात नाव घालते, आणि चेहरा नीट न्याहाळून विचारते, ‘मोबाइल रात्री किती वाजता ठेवतोस रे?’