१५० डॉलरचं डोकं

तारीख १२ नोव्हेंबर २०११. लॉस एंजेलिसच्या 'म्युझियम ऑफ कंटेम्पररी आर्ट'ची, म्हणजे 'मोका'ची, निधी उभारण्यासाठीची वार्षिक मेजवानी. पाहुण्यांच्या अंगात प्रयोगशाळेतले पांढरे कोट. टेबलाच्या मधोमध, एरवी फुलदाणी असते त्या जागी, माणसाचं डोकं. जिवंत माणसाचं. कलावंत टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेला, मान भोकातून वर काढलेली आणि तो बसलाय ती चकती संथ फिरते आहे. त्यानं एकेका पाहुण्याच्या डोळ्यांत बघायचं, बोलायचं मात्र नाही. काही टेबलांवर नग्न बाई उताणी, तिच्या अंगावर सांगाडा. पाहुण्यांना सूचना होती : हात लावू नका, खाऊ-पिऊ घालू नका.

संकल्पना मरीना अब्रामोविच यांची. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्या सातशेहून जास्त तास खुर्चीवर गप्प बसल्या होत्या, समोर येईल त्याच्या नजरेला नजर देत. ते काम मला आजही थोर वाटतं. तिथे त्यांनी स्वतःचं शरीर झिजवलं होतं. इथे झिजणारं शरीर दुसऱ्याचं होतं, आणि सगळा फरक इथेच पडतो.

आता पैशांचं बघू. एका टेबलाचा दर २५ हजार डॉलरपासून १ लाख डॉलरपर्यंत. त्या रात्री संस्थेकडे सुमारे २५ लाख डॉलर जमा झाले. टेबलातून डोकं काढून बसणाऱ्याला मिळणार होते १५० डॉलर आणि संग्रहालयाचं एक वर्षाचं सभासदत्व.

निवडचाचणीला गेलेल्या एका नर्तकीनं नंतर अटी उघड केल्या. तिनं फिरत्या टेबलावर नग्न, निःशब्द पडून राहायचं होतं. पाहुणे येण्याआधीपासून ते जाईपर्यंत, जवळजवळ ४ तास. त्याआधी १५ तास तालीम. कुणी अंगाशी आलं, काही बरळलं, तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही. आणि चाचणीत काय घडलं ते बाहेर बोललं, तर १० लाख डॉलरचा दावा, वर वकिलाचा खर्च.

१५ आणि ४ मिळून १९ तास. १५० भागिले १९. ताशी ८ डॉलरसुद्धा भरत नाहीत. त्या वर्षी कॅलिफोर्नियात कायद्यानं ठरलेलं किमान वेतन होतं ताशी ८ डॉलर. म्हणजे लाख डॉलर मोजून घेतलेल्या टेबलावरच्या बाईला हॉटेलात भांडी घासणाऱ्याच्या किमान दरापेक्षा कमी मोबदला, आणि तोंड उघडलं तर त्या मोबदल्याच्या साडेसहा हजार पटींहून मोठा दंड. हा हिशेब संस्थेतल्या कुणीच कागदावर मांडला नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. २५ हजारांच्या, सगळ्यात स्वस्त टेबलाच्या पैशांत अशी १६६ मानधनं भागली असती. दुप्पट दिली असती तरी कुणाच्या ताटातला घास कमी झाला नसता.

संस्था अडचणीत होती, हे मान्य. २००८च्या मंदीच्या सुमारास मोकाची गंगाजळी जवळपास ४ कोटी डॉलरवरून ६० लाखांवर घसरली होती. एली ब्रॉड या धनाढ्य संग्राहकानं ३ कोटी देऊ केले म्हणून दारं उघडी राहिली. अमेरिकेत अशा संस्थांना सरकारचा आधार थोडका. मेजवान्या केल्याशिवाय दिवे जळत नाहीत. तर करा मेजवान्या. भपका करा, कोट घाला, नाचा. माझी तक्रार मेजवानीबद्दल नाही. स्वयंपाक करणाऱ्यांना, तंबू ठोकणाऱ्यांना, मद्य पुरवणाऱ्यांना कुणी 'तुमच्या ओळखी होतील' असं सांगून राबवत नाही. ते वाक्य फक्त कलावंतासाठी राखून ठेवलेलं असतं.

नृत्यदिग्दर्शिका इव्हॉन रेनर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी मोकाचे संचालक जेफ्री डाइच यांना निषेधाचं पत्र लिहिलं, पासोलिनीच्या 'सालो' चित्रपटातल्या छळाची आठवण करून दिली, आणि अनेक कलावंत-अभ्यासकांनी त्याला पाठिंबा दिला. डाइच यांनी त्यांना तालीम बघायला बोलावलं. त्यांनी ती बघितली आणि मत बदललं नाही. आयोजकांची बाजू अशी, की ही मुलं स्वखुशीनं आली आहेत. आली होतीच! अब्रामोविच यांच्यासोबत काम करायला कोण तरुण येणार नाही? नेमकी तीच ओढ हेरून दर पाडला गेला. ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याच्या 'हो'ला स्वखुशी म्हणू नये.

अशा समारंभांतल्या लिलावांचीही हीच रीत. चित्रकाराकडे चित्र दान मागतात. १९६९पासून अमेरिकेचा करकायदा असा आहे, की चित्रकारानं स्वतःचं चित्र संग्रहालयाला दिलं तर त्याला वजावट मिळते ती फक्त कॅनव्हास-रंगांच्या खर्चाची. तेच चित्र संग्राहकानं दिलं तर बाजारभावाची मिळू शकते. ज्यानं काढलं त्याला रंगांचे पैसे, ज्यानं विकत घेतलं त्याला पूर्ण किंमत.

मराठीत आपण याला मानधन म्हणतो. सुंदर शब्द आहे, आणि तो रोज मोडला जातो. शाहिराला, सनईवाल्याला, कंपनीच्या सोहळ्यात सगळ्यांसमोर उभं राहून चित्र काढणाऱ्या कलाशाळेतल्या मुलीला शाल देतात, नारळ देतात, 'प्रसिद्धी मिळेल' असं सांगतात. मान देऊन धन दाबतात. मोकामध्ये दोन्ही दाबलं गेलं.

मेजवानीच्या शेवटी अब्रामोविच आणि गायिका डेबी हॅरी यांच्या नग्न देहांच्या आकाराचे, माणसाएवढे केक आले. दोघींनी ते सुऱ्यांनी कापले आणि पाहुण्यांनी खाल्ले. आठवत राहावं म्हणून हे लिहिलं, कारण ज्या संस्थेत हे झालं ती १९७९ साली कलावंतांच्याच पुढाकारानं उभी राहिलेली आहे.

आणि ती नर्तकी. तिनं काम नाकारलं. दहा लाखांचं कलम ठाऊक असूनही कलावंतांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं : रक्कम, तास, अटी, सगळं. खाली पूर्ण नावानिशी सही केली, सारा वूकी.