कोणता इरफान?

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत आहे. भिंतीवर त्यांची वाळवणं असतात आणि भिंतीवरून गल्लीच्या बातम्या. परवा सकाळी हरभऱ्याची भाजी निवडता निवडता काकू भिंतीला टेकल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "का हो वैनी, तुमच्याकडं कोण इरफान येऊन फोटो कापून देतोय म्हणं? अन् तेबी फुकट?"

मला चहाचा ठसकाच लागला. झालं होतं असं, की आदल्या रात्री काकूंचा भाचा जिंतूरहून बँकेचा फॉर्म भरायला आला होता. मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा, आणि आयबीपीएसच्या फॉर्मला पाहिजे वीस ते पन्नास केबी. म्हणजे पोत्यातलं धान्य वाटीत बसवायचं. एका नेटवाल्यानं पैसे घेऊन बसवलं खरं, पण उभा फोटो आडवा दाबून. पोराचं तोंड भोपळ्यासारखं झालं. ते पाहून माझा लेक भिंतीवरून ओरडला होता, "अरे, इरफान आहे ना! फुकटात होतं!" काकूंच्या कानावर तेवढंच पडलं.

"कोणता इरफान? मोंढ्यातला का?"

"नाही हो काकू, तो व्हिएन्नाचा."

"आता गं बाई! फोटो कापायला तिकडून येतो?"

मग मी सांगितलं. इरफान श्किल्यान नावाचा पोरगा, मूळचा बोस्नियातल्या यायत्से गावचा, व्हिएन्नात शिकायला होता. 1996 मध्ये त्यानं फोटो पाहायचं एक छोटं सॉफ्टवेअर बाहेर काढलं आणि त्याला आपलंच नाव दिलं, इरफानव्ह्यू. चिन्ह काय, तर गाडीखाली चेंगरल्यासारखं लाल मांजर. घरच्या कामाला आजही फुकट.

"जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतेत, हे बोस्निया मधीच कुठून आलं?" काकूंना पटेना. "अन् फुकट म्हणजे त्याला काय मिळायलंय?"

हा प्रश्न मात्र काकूंनी लाखाचा विचारला. घरी वापरायला फुकट, पण धंद्याला वापरायचं तर त्याचे पैसे भरावे लागतात. हे ऐकल्यावर काकूंची भाजी निवडायची थांबली. "म्हणजे तो नेटवाला आपल्याकडून पैसे घेतो, अन् त्या इरफानला देतो का?" मी म्हटलं, तो कशावर काम करतो ते मला काय ठाऊक, उगी कुणावर आळ नको. पण काकूंच्या चेहऱ्यावरून कळलं, संध्याकाळपर्यंत ही बातमी पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाणार.

भाच्याला बोलावून घेतलं. लेकानं त्याला एकच गोष्ट तीनदा सांगितली: आधी काप, मग लहान कर. फॉर्मला फोटो पाहिजे 200 बाय 230 पिक्सेल. मोबाइलचा फोटो त्या मापाचा नसतो, त्यामुळं तसाच दाबला की भोपळा होतोच. म्हणून आधी त्याच प्रमाणात चौकट आखायची, कंट्रोल वाय दाबून कापायचं, मग कंट्रोल आर दाबून आकडे टाकायचे. केबी ही तिसरीच भानगड. ती सेव्ह करताना क्वालिटीची पट्टी सरकवून जमवायची. सहीचंही तसंच, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं करायची, 140 बाय 60, दहा ते वीस केबी. आणि मूळ फोटोला हात लावायचा नाही, दुसऱ्या नावानं सेव्ह करायचं, कारण जेपीजी दर वेळी नव्यानं सेव्ह केला की थोडा थोडा झिजतो.

"पेंटमधी नाही होत का?" भाच्यानं विचारलं. होतं की. पेंट तर 1985 पासून विंडोजसोबत येतंय, कापतं, लहानही करतं. फक्त केबीवर त्याचा ताबा नाही. फोटो साठ केबीचा निघाला तर निघाला, पट्टी सरकवायची सोय नाही. वेबसाइटवर फोटो चढवून लहान करून देणारेही ढीगभर आहेत, पण स्वतःची सही अनोळखी माणसाच्या हवाली कशाला करायची? कोपऱ्यापलीकडच्या एका पोरानं म्हणे पेनड्राइव्हमधून चोरीचं फोटोशॉप टाकलं, तर अख्खा कॉम्प्युटर बसला. मेथी चिरायला कुणी कोयता आणतं का?

पोराचं काम दहा मिनिटांत झालं. काकूंचं खरं काम पुढंच होतं. पदराखालून मोबाइल निघाला. "ही भाची. बायोडाटाला फोटो पाहिजे. गंगाखेडच्या लग्नातला आहे. एवढा हात काढता का?"

पाहिलं तर पोरगी छान, गुलाबी साडीत. पण खांद्यावर एक जाडजूड पुरुषी हात, मनगटात सोनेरी घड्याळ. बाकी माणूस कुणीतरी आधीच कापून टाकलेला.

"स्थळ आलं होतं चांगलं. त्यांनी विचारलं, हात कुणाचा? आता काय सांगावं!"

"पण कुणाचा आहे?"

"मामाचा तिच्या. म्हणजे आमच्या ह्यांचा. घड्याळ मीच घेऊन दिलेलं."

लेकानं सांगितलं, कापणं म्हणजे चौकटीच्या बाहेरचं टाकणं. चौकटीच्या आत बसलेला हात कात्रीनं निघत नाही, तो पुसायला गिंपसारखं मोठं सॉफ्टवेअर लागतं, तेही फुकटच आहे, पण शिकायला वेळ पाहिजे. आम्ही नुसता चेहरा ठेवून बाकीचं कापलं, तर फोटो एवढुसा उरला, आणि मोठा करायला गेलो तर नाकडोळे धुरकट. व्हॉट्सअ‍ॅपवरून चार घरं फिरून आलेला तो. त्यात उरलं काय असणार? शेवटी काकूंनी गंगाखेडला फोन लावला आणि मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. तो आला तेव्हा त्यात काका अख्खे होते, पोटासकट. पण चेहरा स्वच्छ. मानेपासून वरचा तेवढा घेतला.

"घड्याळाचा वेगळा फोटो काढून द्या," काकू म्हणाल्या, "महाग होतं."

दिवेलागणीला फाटक वाजलं. निराधारच्या फॉर्मचे कागद छातीशी धरून एक म्हातारी उभी. "इरफानभाई इथंच राहतेत का, माय?"

मी म्हटलं, "हो, या. चप्पल असू द्या, आत या."